जालन्याची चर्चा जालन्याच्या मापानं: समाजमाध्यमं, राजकारण आणि स्थानिक पत्रकारितेवर संशोधन करताना

‘मराठवाड्यातील मतदारांवर समाजमाध्यमांचा प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास.’ पत्रकारिता आणि राज्यशास्त्र विभागांत येणाऱ्या शोधप्रस्तावांची शीर्षकं साधारण याच वळणाची असतात, आणि बरेचसे प्रस्ताव शीर्षकातच फसतात. मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे आणि विधानसभेच्या ४६ जागा. समाजमाध्यमं म्हणजे यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ‘प्रभाव’ मोजायचा तर त्याच माणसाला आधी एकदा आणि नंतर एकदा विचारावं लागतं. नुसत्या कमेंट गोळा करून प्रभाव सिद्ध होत नाही. कोणत्या विषयावर, कोणत्या शब्दांत, कधी आणि किती जण बोलले, एवढंच कमेंटवरून कळतं. तेवढ्यावरही उत्तम प्रबंध उभा राहतो, फक्त प्रश्न त्या बेतानं मांडायला हवा.

झेपेल असा प्रश्न कसा दिसतो? ‘२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात आरक्षणाचा मुद्दा स्थानिक यूट्यूब चॅनलांखालच्या चर्चेत आधी वाढला, की दैनिकांच्या पहिल्या पानावर? दोन्हीकडची मांडणी कुठं वेगळी होती?’ एक मतदारसंघ, दोन माध्यमं, एक मुद्दा, ठरलेली मुदत. यामागचं सूत्र जुनंच आहे. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या १०० अनिश्चित मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले, त्यांची यादी माध्यमांतल्या मुद्द्यांच्या यादीशी ताडून पाहिली आणि १९७२ मध्ये निबंध छापला. तिथं वाट माध्यमांकडून लोकांकडे होती. इथं ती उलटीही असू शकते आणि संशोधनाची गंमत त्यातच आहे. पुढचं सगळं या जालन्याच्या प्रश्नाला धरून लिहिलं आहे. तुमचा मतदारसंघ वेगळा असला तरी रीत तीच.

आधी कॅलेंडर

डेटा गोळा करण्याआधी एका कागदावर तारखा मांडा. आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली. मराठवाड्यात मतदान तीन टप्प्यांत झालं: हिंगोली, नांदेड, परभणी २६ एप्रिलला, लातूर, उस्मानाबाद ७ मेला, जालना, औरंगाबाद, बीड १३ मेला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार बंद. म्हणजे २५ एप्रिलला जालन्यात उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता, तेव्हा शेजारच्या परभणीत प्रचाराचे भोंगे आदल्या संध्याकाळीच थांबलेले होते. आठही जिल्ह्यांचा ‘एप्रिलचा शेवटचा आठवडा’ एकत्र करून आलेख काढला, तर एकीकडची सुरुवात आणि दुसरीकडचा शेवट एकाच खांबात बसतो. त्या आलेखाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून तारखेनं मोजू नका. मतदानाचा दिवस शून्य धरा आणि मागं मोजा: उणे एक, उणे दोन, उणे तीस. जालन्यासाठी १६ मार्च ते १३ मे हे ५९ दिवस होतात. एवढ्या मुदतीत नमुना घेत बसू नका, सगळेच दिवस घ्या.

याच कागदावर इंटरनेट बंदीचे दिवसही लिहून ठेवा. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत सेवा काही तास बंद होती. तुमची मुदत मागं ओढून मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा काळ धरायचा असेल, तर त्या दिवशीची कमेंटांची घट ही लोकांची शांतता नव्हे, टॉवरची आहे.

शब्दांची यादी: इथं घाई केली की सगळं वाया

गावांच्या नावांपासूनच अडचण सुरू होते. सप्टेंबर २०२३ पासून जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, पण लोकसभेचे मतदारसंघ औरंगाबाद आणि उस्मानाबाद याच नावानं राहिले. लोक औरंगाबाद, संभाजीनगर, छ. संभाजीनगर, औ.बाद असं काहीही लिहितात. बरं, कोण कोणतं नाव लिहितो यातच पुष्कळदा त्याची भूमिका असते. एकाच नावानं शोध घेतलात तर चर्चेची एकच बाजू हाती येईल आणि तुम्हाला ते कळणारही नाही. सगळी रूपं शोधा. कोणतं रूप वापरलं, हा वेगळा रकाना ठेवा.

माणसांचंही तेच. बीडच्या कमेंटमधला नुसता ‘साहेब’ बहुतेकदा गोपीनाथ मुंडे असतात, लातुरात तोच शब्द विलासराव देशमुखांचा, आणि राज्याच्या राजकारणावर बोलणारा ‘साहेब’ म्हणतो तेव्हा शरद पवारही निघतात. ‘दादा’ म्हटलं तर अजित पवार की मनोज जरांगे, हे व्हिडिओ पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे नावांच्या यादीत ‘साहेब’, ‘दादा’, ‘ताई’, ‘भाऊ’, ‘पाटील’ हे शब्द आपोआप कुणाच्या खात्यावर टाकू नका. अशा कमेंट बाजूला काढून व्हिडिओच्या संदर्भासह हातानं वाचा.

मुद्द्याची यादी करण्याची रीत अशी. गोळा केलेल्या कमेंटांतून यादृच्छिक ५०० काढा. दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मुद्द्याशी संबंधित प्रत्येक शब्द, त्याच्या चुकीच्या लेखनासह, वहीत उतरवायचा. ‘आरक्षण’ या एका शब्दाची आरक्षन, अरक्षण, आरक्शण, रिझर्वेशन आणि रोमन लिपीतली चार-पाच रूपं सहज निघतात. शिवाय सगेसोयरे, कुणबी नोंद, ओबीसीतून, दहा टक्के, हैदराबाद गॅझेट. प्रत्येक शब्दापुढं तो चर्चेत कधी आला ते लिहा. ‘सगेसोयरे’चा अधिसूचनेचा मसुदा २६ जानेवारी २०२४ चा, दहा टक्क्यांचं विधेयक मंजूर झालं २० फेब्रुवारी २०२४ ला. २०२३ च्या कमेंटांना २०२४ च्या शब्दांची चाळणी लावली की मागच्या वर्षी चर्चाच नव्हती असा भास होतो.

खरी गोम पुढं आहे. जालना-बीडमध्ये २०२४ च्या उन्हाळ्यात ‘पाडा’ या दोन अक्षरांत अख्खा आरक्षणाचा प्रश्न मावत होता. ‘यंदा पाडायचंच’ असं लिहिणारा माणूस ‘आरक्षण’ हा शब्द उच्चारत नाही. यादीच्या जाळ्यातून किती मासे निसटले, हे म्हणून मोजावंच लागतं. समजा तुमच्याकडे ६,००० कमेंट आहेत. यादीतले शब्द १,५०० मध्ये सापडले, ४,५०० मध्ये नाही. सापडलेल्यांपैकी २०० हातानं वाचल्या, १८० खरोखर विषयावरच्या निघाल्या, म्हणजे ९० टक्के. १,५०० मागे १,३५०. न सापडलेल्यांतून ३०० वाचल्या, २४ विषयावरच्या निघाल्या, म्हणजे ८ टक्के. ४,५०० मागे ३६०. एकूण १,७१० पैकी तुमच्या हाती आल्या १,३५०, म्हणजे ७९ टक्के. हा आकडा प्रबंधात छापा. तो ७० च्या खाली असेल तर यादी पुन्हा करा. आणि तो आठवड्यागणिक वेगवेगळा काढून पाहा, कारण प्रचार तापला की लोक आडून बोलायला लागतात आणि तेव्हाच यादी जास्त चुकते.

बोलीचं भान ठेवा. नांदेड-लातूरकडचं ‘करूलाले’, ‘बोलूलालेत’, इकडचं ‘काहून’, ‘कामून’, ‘लई’, शहरांतली दखनी वळणाची हिंदी, काही ठिकाणी उर्दू लिपी. प्रमाण मराठीवर शिकवलेलं कोणतंही सॉफ्टवेअर यापुढं अडखळतं. उर्दू लिपीतल्या कमेंट ‘इतर भाषा’ म्हणून वगळल्यात तर संभाजीनगर, परभणी, नांदेडसारख्या शहरांतला चर्चेचा एक मोठा भाग तुम्ही स्वतःच गाळलेला असतो. वाचणारा माणूस शोधा, किंवा वगळल्याचं स्पष्ट लिहा.

यूट्यूब: मिळतं सोपं, बिघडतंही सोपं

आधी चॅनलांची यादी. निकष लेखी हवेत: संपादक किंवा कार्यालय मतदारसंघात, त्या मुदतीत आठवड्याला किमान तीन व्हिडिओ, कमेंट सुरू. यादी केवळ शोधपेटीतून काढू नका. तालुक्याच्या पत्रकार संघात विचारा. अंबड, घनसावंगी, भोकरदनमध्ये कोण काय पाहतं हे तिथल्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. (घनसावंगी विधानसभा जालना जिल्ह्यात असली तरी लोकसभेला परभणीत मोडते. पैठणचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर, लोकसभा जालना. असली गल्लत आधीच मिटवा.)

यूट्यूबच्या डेटा एपीआयमध्ये (प्रोग्राम लिहून थेट माहिती मागवायची सोय) रोज १०,००० युनिट फुकट मिळतात, आणि प्रत्येक विनंतीला त्यातले काही खर्च होतात. शोधाच्या एका विनंतीला १०० युनिट जातात, म्हणजे दिवसाला शंभर शोध आणि खेळ खल्लास. शिवाय तोच शोध उद्या वेगळे निकाल देतो, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाला पडताळता येत नाही. त्यापेक्षा चॅनलच्या अपलोड यादीतून जा. चॅनलचा आयडी इंग्रजी ‘यूसी’ अक्षरांनी सुरू होतो. तिथं ‘यूयू’ केलं की अपलोड यादीचा आयडी मिळतो. एका विनंतीला ५० व्हिडिओ, खर्च १ युनिट. हिशेब पाहा: १२ चॅनलं, प्रत्येकी ४०० व्हिडिओ, म्हणजे ४,८०० व्हिडिओ. यादीला ९६ युनिट, व्हिडिओंच्या तपशिलाला पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी आणखी ९६, आणि प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या १०० कमेंटांना १ याप्रमाणे ४,८००. निम्म्या दिवसाच्या कोट्यात काम झालं.

चुका कुठं होतात? पहिली चूक उत्तरांची. कमेंटच्या धाग्याबरोबर त्याखालची मोजकीच उत्तरं येतात. उरलेली मागवायला मूळ कमेंटच्या आयडीनं वेगळी विनंती करावी लागते. वाद रंगतो तो उत्तरांतच; ती राहिली तर तुमच्या अभ्यासात फक्त घोषणा उरतात.

दुसरी चूक वेळेची. एपीआय वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतं, आपण साडेपाच तास पुढं. रात्री १२ ते पहाटे ५:३० मधली प्रत्येक कमेंट आदल्या दिवसाच्या खात्यात पडते. ११ मेच्या संध्याकाळी प्रचार थांबला, १३ ला मतदान. या दोन दिवसांचा अभ्यास करणाऱ्यानं वेळ बदलली नाही तर निष्कर्षच सरकतो.

तिसरी चूक एक्सेलची. फाइल थेट दोनदा टिचकी मारून उघडली की देवनागरीचा कचरा होतो, कारण एक्सेलला फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवण्याची पद्धत) आहे हे कळत नाही. ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. त्याहून वाईट म्हणजे एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच राखतं, पुढचे शून्य करतं. फेसबुक आणि एक्स (पूर्वीचं ट्विटर) यांवरचे १७-१९ अंकी आयडी असे बिघडले की पोस्ट आणि कमेंट यांची गाठ कायमची तुटते. ते रकाने आयात करतानाच ‘टेक्स्ट’ करा. मूळ फाइल कधीही एक्सेलमध्ये ‘सेव्ह’ करू नका.

चौथी चूक अक्षरांची. ‘ॲ’ हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं: एकसंध, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवूनही ते एक होत नाही. ‘ॲट्रॉसिटी’ हा मराठवाड्याच्या राजकीय चर्चेतला कळीचा शब्द अर्धा गळतो तो इथं. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ऱ्याचंही असंच. अशी चार-पाच रूपं स्वतः नियम लिहून एकसारखी करावी लागतात.

कमेंट पुसल्या जातात, चॅनलवाले लपवतात. व्हिडिओ पडल्यावर ४८ तासांनी एकदा आणि १५ दिवसांनी पुन्हा, अशा दोन फेऱ्या घ्या आणि मधल्या काळात किती गेल्या ते नोंदवा. जुन्या निवडणुकीवर काम करत असाल तर ही सोय नाही. गोळा केल्याची तारीख तरी छापा. एपीआयच्या अटींनुसार साठवलेला डेटा ३० दिवसांत ताजा करावा किंवा पुसावा लागतो, हेही डेटाच्या आराखड्यात लिहा.

आणि मोजताना कमेंटांबरोबर माणसंही मोजा. शंभर कमेंट करणारा एक आणि एक कमेंट करणारे शंभर हे सारखे नाहीत. सर्वाधिक बोलणाऱ्या दहा खात्यांचा एकूण कमेंटांतला वाटा काढा. तोच मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला असेल तर एकदा धरा, किती वेळा आला तो आकडा वेगळा ठेवा. शिवाय जालन्याच्या चॅनलखाली बोलणारा जालन्यातच राहतो असं नाही. चाकण-हिंजवडीत कामाला गेलेला अंबडचा पोरगा रात्री पाळी सुटल्यावर गावाकडचाच व्हिडिओ पाहतो. कमेंटवरून ‘मतदारसंघातले मतदार’ असं लिहू नका. ‘मतदारसंघातल्या चॅनलांवर बोलणारे’ एवढंच लिहा.

फेसबुकवरच्या जाहीर पोस्ट शोधायला पूर्वी वापरायचं ते क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. आता त्याजागी फेसबुकच्या मेटा कंपनीची मेटा कंटेंट लायब्ररी. अर्ज संस्थेच्या नावानं करावा लागतो आणि वेळ लागतो, तेव्हा प्रबंधाच्या पहिल्याच सत्रात करा. जाहिरातींसाठी मेटाची ॲड लायब्ररी सर्वांना खुली आहे, कोणी पैसे भरले आणि खर्च अंदाजे किती ते दिसतं. पण भौगोलिक विभागणी राज्यापर्यंतच, जिल्ह्याची मिळत नाही. एक्सची संशोधकांसाठीची फुकट सोय २०२३ मध्ये गेली आणि तालुक्याची चर्चा तिथं फारशी नसतेच. टिकटॉक २०२० पासून बंद, त्यामुळे परदेशी निबंधांतल्या त्यावरच्या पद्धती इथं उतरवून घेऊ नका.

व्हॉट्सॲप

गावाचं राजकारण इथं चालतं आणि संशोधकाला सर्वांत कमी इथंच दिसतं. गुपचूप गटात शिरून चॅट काढणं हा रस्ता नाही. ॲडमिनची लेखी परवानगी घ्या, गटात स्वतः संदेश टाकून सांगा की मी अमुक विभागाचा संशोधक, अमुक तारखेपासून नोंद घेणार, ज्याला नको त्यानं कळवावं. आणि ही सूचना दर पंधरा दिवसांनी पुन्हा टाका, कारण नवी माणसं येत राहतात. ॲडमिननं ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ लावलेली असेल तर एक्स्पोर्ट होणारच नाही.

एक्स्पोर्ट करताना मीडियाशिवाय सुमारे ४०,००० आणि मीडियासह सुमारे १०,००० संदेशच निघतात. चालत्या गटाची फाइल म्हणून दर आठवड्याला काढा. फाइलमध्ये तारखेची मांडणी फोनगणिक बदलते. एका संदेशात ओळी तुटल्या की दुसरी ओळ नवा संदेश समजली जाते. ओळीच्या सुरुवातीला तारीख आहे का, हे तपासूनच नवा संदेश धरा. नावं दिसतात ती एक्स्पोर्ट करणाऱ्याच्या फोनमध्ये जशी ‘सेव्ह’ आहेत तशी. ‘पाणीवाला’, ‘बँक साहेब’, काहीही. प्रत्येक नावाला लगेच क्रमांक द्या आणि नाव-क्रमांकाची जोडी वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा.

दुहेरी बाणाचं ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ हे लेबल पाच किंवा अधिक टप्पे फिरून आलेल्या संदेशावर येतं, पण एक्स्पोर्ट केलेल्या मजकुरात ते उतरत नाही. ते हवं असेल तर पडद्यावर पाहून हातानं नोंदवावं लागतं. कॉपी करून चिकटवलेल्या संदेशावर ते लेबल नसतंच.

दैनिकं

कोणती आवृत्ती, हा पहिला प्रश्न. डाक आवृत्ती (तालुक्यांना, गावांना जाणारी) लवकर सुटते, शहर आवृत्ती उशिरा. रात्री नऊच्या सभेची बातमी एकीत असते, दुसरीत नसते. ग्रंथालयाच्या फायलीत कोणती आहे आणि ई-पेपरवर कोणती, हे आधी पाहा. दोन्ही मिसळू नका. एक राज्यभर पसरलेलं दैनिक आणि एक जिल्ह्याचं, अशी जोडी घ्या. लातूरला ‘एकमत’, नांदेडला ‘प्रजावाणी’ यांसारख्या स्थानिक दैनिकांची परंपरा आहे, आणि तालुक्याच्या राजकारणाचे बारकावे बहुतेकदा त्यांच्यातच सापडतात.

पहिलं पान मोजताना जॅकेट जाहिरातीनं (अंकाला बाहेरून गुंडाळलेलं जाहिरातीचं पान) फसू नका. ई-पेपरचं पान क्रमांक एक म्हणजे उमेदवाराचा फोटो आणि खरं पहिलं पान तिसरं, असं प्रचारात सर्रास होतं. बातमी कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजा: किती कॉलम रुंद गुणिले किती सेंटीमीटर उंच, मथळा आणि फोटो धरून. मुद्रित अंक असेल तर पट्टी लावा. पडद्यावर मोजाल तर झूम कायम एकच ठेवा.

ई-पेपर पुष्कळदा चित्राच्या रूपात असतो. टेसरॅक्ट या फुकट सॉफ्टवेअरला मराठीची फाइल देऊन मजकूर काढता येतो. ३०० डीपीआयच्या खालच्या चित्रावर जोडाक्षरं कोसळतात. कॉलम वेगळे कापून द्या, नाहीतर शेजारच्या बातम्यांच्या ओळी एकमेकींत घुसतात. पीडीएफमधून थेट कॉपी केल्यावर भलतीच अक्षरं आली तर फाँट जुना, युनिकोडपूर्व आहे. त्याच फाँटचा परिवर्तक लागेल.

एक तपासणी आवर्जून करा. त्याच दिवशीचा जिल्हा माहिती कार्यालयाचा आणि पक्षाचा प्रसिद्धी मजकूर मिळवा आणि छापलेल्या बातमीशेजारी ठेवा. किती वाक्यं जशीच्या तशी आहेत? दोन प्रतिस्पर्धी दैनिकांत शब्दन् शब्द तीच ‘बातमी’ असेल तर ती वेगळ्या रकान्यात जाते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघाचं प्रकरण चर्चेत आलं ते वेगवेगळ्या दैनिकांतल्या अशाच सारख्या मजकुरामुळं. ते पुढं निवडणूक आयोगापर्यंत गेलं, आणि आयोगाचा २०१४ चा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केला. यावरून धडा असा घ्यायचा की तुम्ही ‘पेड न्यूज’ (पैसे घेऊन छापलेली बातमी) हा शब्द वापरू नका. ‘समान मजकूर’ म्हणा आणि टक्के द्या. पैसे दिल्याचं मजकुरावरून सिद्ध होत नाही.

कोडिंग

कोडिंग म्हणजे प्रत्येक कमेंट वाचून ठरलेल्या रकान्यांत नोंदवणं, आणि त्याचे लेखी नियम म्हणजे कोडपुस्तिका. ती चार पानांच्या वर गेली की कुणी वाचत नाही. सहा ते आठ रकाने पुरे: विषय, कुणाबद्दल, सूर, कारण दिलं आहे का, प्रतिपक्षाच्या मुद्द्याला उत्तर आहे का, अपशब्द, माहितीचा स्रोत सांगितला आहे का. प्रत्येकाला दोन होकारार्थी आणि दोन चकवणारी उदाहरणं द्या. ‘लई भारी काम केलं साहेबांनी, बसस्टँडवर पोहायची सोय झाली’ ही कमेंट सूर म्हणून कुठं टाकायची, हे पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर एक कोडर तिला स्तुती म्हणेल. कोडर दोघं असावेत आणि निदान एक त्याच भागातला.

जुळणी नुसत्या टक्क्यांत सांगू नका. समजा १०० कमेंट, रकाना ‘अपशब्द’. दोघांनाही ४ मध्ये दिसले, दोघांनाही ८८ मध्ये दिसले नाहीत, ८ मध्ये मतभेद, चार इकडं चार तिकडं. जुळणी ९२ टक्के, छान वाटतं. पण प्रत्येकानं ८ टक्क्यांनाच ‘हो’ म्हटलं असल्यानं नुसत्या योगायोगानंही ८५.२८ टक्के जुळलं असतं. योगायोग वगळून जुळणी मोजणारा कोहेनचा कप्पा म्हणजे ०.९२ वजा ०.८५२८, भागिले १ वजा ०.८५२८, येतो ०.४६. म्हणजे अपशब्द म्हणजे काय यावर दोघांचं एकमतच नाही. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे असंच दुसरं माप वापरत असाल तर ०.८० हवा, ०.६६७ च्या खाली गेला तर तो रकाना निष्कर्षात वापरू नका. व्याख्या सुधारा आणि नव्या १०० कमेंटांवर पुन्हा करा, त्याच जुन्यांवर नाही. दुर्मीळ रकान्यासाठी नमुना मोठा घ्या.

यंत्राकडून सूर ओळखायचा मोह होतोच. पुण्याच्या एल३क्यूब गटाचा महासेंट हा मराठी ट्वीटांचा संच आणि त्यावर शिकवलेली प्रारूपं खुली आहेत. वापरा, पण आधी स्वतः हातानं कोड केलेल्या ५०० स्थानिक कमेंटांवर चालवून पाहा आणि उपरोधाच्या कमेंटांचा निकाल वेगळा मांडा.

आडनावावरून जात ठरवून कमेंट करणाऱ्यांची विभागणी करू नका. शास्त्र म्हणून ते कच्चं आहे: एकच आडनाव अनेक जातींत असतं, खाती खोट्या नावांची असतात. आणि आडनावाचं ओझं इथं किती आहे पाहा, बीड पोलिसांनी २०२५ मध्ये छातीवरच्या नावपट्टीतून आडनावच काढून टाकलं. कमेंट करणारा स्वतःच स्वतःची ओळख सांगत असेल तर तेवढीच नोंदवा.

मुलाखती आणि बाकीचं

पंधरा ते वीस पत्रकार पुरतात; त्यात डेस्कवरचे, तालुका प्रतिनिधी आणि यूट्यूबवाले असे तिन्ही हवेत. तालुका प्रतिनिधीला संध्याकाळी पाचनंतर फोन करू नका, तो बातम्या पाठवत असतो. सकाळी दहा-अकराला तहसीलच्या आवारात निवांत भेटतो. ‘समाजमाध्यमांचा तुमच्या कामावर परिणाम होतो का’ असं विचारलं की ‘हो, खूप’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी त्याच्याच नावाची एखादी छापून आलेली बातमी पुढं ठेवा आणि विचारा: ही तुम्हाला पहिल्यांदा कुठं कळली, कुणाला फोन केला, किती वाजता पाठवली, डेस्कनं काय कापलं? जाहिरातीचं उद्दिष्ट त्याच्याकडेच असतं का, हा प्रश्न शेवटी, आणि रेकॉर्डर बंद करायला सांगितलं तर बंदच. वाचकांच्या मुलाखती बीड जिल्ह्यात घ्यायच्या असतील तर दिवाळी ते होळी टाळा. ऊसतोडीला गेलेली गावं अर्धी रिकामी असतात आणि घरी सापडतात ते म्हातारे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संशोधनाला सवलत आहे, पण ती अटींवर: त्या डेटावरून विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेली मानकं पाळायची. विद्यापीठाच्या नैतिकता समितीचं पत्र डेटा गोळा करण्याआधीचं हवं. प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारावर) चढतो आणि कायम तिथं राहतो. देवनागरीतली एखादी कमेंट जशीच्या तशी छापली तर ती शोधपेटीत टाकून कुणीही लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून छापण्याआधी प्रत्येक उद्धरण स्वतः शोधून पाहा. सापडलं तर शब्द बदला, अर्थ आणि बोलीचा ढंग ठेवा, आणि तसं केल्याचं प्रकरणाच्या सुरुवातीला लिहा. नेत्यांच्या जाहीर पोस्टना हा नियम नाही.

परिशिष्टात कोडपुस्तिका, शब्दांची पूर्ण यादी तारखांसह, चॅनलांचे निकष, डेटा गोळा केल्याच्या तारखा आणि वगळलेल्यांची संख्या द्या. कमेंटांची फाइल देऊ नका. पीडीएफ करताना युनिकोड फाँट फाइलमध्ये बसवला आहे का ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, कारण ग्रंथालयात चौकोनच चौकोन दिसणारे मराठी प्रबंध आधीच पुष्कळ आहेत.